विश्लेषण : रविवारचा ‘बोलका’ रेडिओ टिकणार का? बीबीसी रेडिओ ४ समोरचा पेच काय?

पहाटे चर्चच्या घंटा, मग शेतावरची बातचीत, प्रार्थना, राजकारणाची उजळणी, आठ तबकड्या घेऊन निर्जन बेटावर निघालेला पाहुणा, एका खेड्याची न संपणारी गोष्ट, गुलाबावरच्या किडीचे प्रश्न, नाटक आणि समुद्रावरच्या वाऱ्यांचा अंदाज. हे सारे एकाच केंद्रावर, एकाच दिवशी आणि मध्ये एकही जाहिरात नाही. ब्रिटनमधील ‘बीबीसी रेडिओ ४’ या राष्ट्रीय केंद्राचा रविवार साधारण असा असतो. गाण्यांवर नव्हे, तर बोलण्यावर चालणारे हे केंद्र आठवड्याला सुमारे ९० लाख लोक ऐकतात. मात्र ज्या राजसनदेवर बीबीसी उभी आहे, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपत आहे. त्यानंतर बीबीसीला पैसा कोठून मिळणार, यावर तेथे सध्या वाद सुरू आहे. चर्चा मुख्यतः टीव्हीची होते. पण या वादात सर्वाधिक अडचणीत येऊ शकतो तो रेडिओ. तो कसा, हे समजून घेण्यासाठी आधी हा रविवार पाहायला हवा.

रविवारी नेमके काय ऐकायला मिळते?

दिवसाची सुरुवात होते ती ‘बेल्स ऑन संडे’ने. दर आठवड्याला एका वेगळ्या चर्चच्या घंटांचा नाद ऐकवला जातो. त्यानंतर शेतकऱ्यांच्या बांधावर जाणारा ‘ऑन युवर फार्म’. सात वाजून गेले की धर्म आणि नीतिमत्ता यांच्याशी संबंधित बातम्यांचा ‘संडे’ हा कार्यक्रम. तो धर्मप्रचार करत नाही, धर्मसंस्थांची पत्रकारिता करतो. आठच्या आधी काही मिनिटे एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी मदतीचे आवाहन असते. आठनंतर प्रार्थनासभा आणि तिला लागूनच ‘अ पॉइंट ऑफ व्ह्यू’ हे दहाएक मिनिटांचे स्फुट. एक लेखक, एक विषय आणि समोर फक्त ध्वनिक्षेपक.

नऊ वाजता ‘ब्रॉडकास्टिंग हाऊस’ आठवड्याच्या बातम्यांचा काहीसा खेळकर समाचार घेतो. त्यानंतरच्या काही तासांत ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ आणि ‘द आर्चर्स’ या मालिकेच्या आठवडाभरातील सहा भागांचे एकत्रित प्रसारण होते. दुपारी एकला ‘द वर्ल्ड धिस वीकेंड’ हे सविस्तर बातमीपत्र. दुपारी बागकामाच्या शंकांचे निरसन, मग नाटक, पुस्तके आणि कविता. संध्याकाळी समुद्री हवामानाचा अंदाज, सहाच्या बातम्या आणि आठवड्यातील निवडक ध्वनिमुद्रणांचा ‘पिक ऑफ द वीक’. सातला ‘द आर्चर्स’चा नवा भाग. रात्री दहाला ‘वेस्टमिन्स्टर अवर’मध्ये येत्या आठवड्यात संसदेत काय घडणार, याचा अदमास.

यातले सगळेच नवे नसते. बागकामाचा कार्यक्रम शुक्रवारी होऊन गेलेला असतो आणि आर्चर्सचे भाग आठवडाभर लागलेले असतात. पुनःप्रसारण स्वस्त पडते, हे त्यामागचे एक कारण. दुसरे असे, की कामाच्या दिवशी जे निसटले ते सुटीच्या दिवशी ऐकता यावे.

ही विविधता पहिल्यापासून होती का?

अजिबात नाही. उलट, बीबीसीच्या पहिल्या दीड दशकात रविवार हा तिचा सर्वांत रुक्ष दिवस होता. बीबीसी सुरू झाली १९२२ मध्ये, खासगी कंपनी म्हणून. १ जानेवारी १९२७ पासून ती राजसनदेनुसार चालणारे महामंडळ झाली. तिचे पहिले प्रमुख जॉन रीथ हे कडक शिस्तीचे, धर्मनिष्ठ स्कॉटिश गृहस्थ. माहिती, शिक्षण आणि रंजन ही सार्वजनिक प्रसारणाची त्रिसूत्री त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण रविवारी त्यांच्या लेखी रंजनाला सुटी असे. प्रार्थना, गंभीर संगीत, व्याख्याने एवढेच. विनोदी कार्यक्रम आणि नाचगाण्यांचे संगीत यांना त्या दिवशी मज्जाव होता.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९३० च्या दशकात रेडिओ नॉर्मंडी आणि रेडिओ लक्झेंबर्ग ही केंद्रे युरोपातून इंग्रजी कार्यक्रम प्रसारित करू लागली. त्यांच्यावर जाहिराती होत्या, गाणी होती, थट्टामस्करी होती. आठवडाभर राबून रविवारी घरी बसलेल्या कामगाराने रेडिओची सुई तिकडे वळवली. ओव्हल्टीन या पेयाच्या उत्पादकांनी प्रायोजित केलेला मुलांचा कार्यक्रम तर रविवारच्या संध्याकाळी घरोघरी लागू लागला. रीथ १९३८ मध्ये पायउतार झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, सैनिकांसाठी हलक्याफुलक्या कार्यक्रमांची वेगळी वाहिनी सुरू झाली आणि ‘रीथ यांचा रविवार’ इतिहासजमा झाला. छावणीत बसलेल्या जवानाला दिवसभर प्रवचन ऐकवता येत नाही, हे प्रसारकांना कळून चुकले.

आजचा मिश्र रविवार हा या धड्यातून घडला आहे. प्रार्थना राहिली, पण तिच्या शेजारी विनोद आणि मालिकाही आल्या. रेडिओ ४ हे नाव ३० सप्टेंबर १९६७ रोजी आले. त्याआधी हेच केंद्र ‘होम सर्व्हिस’ म्हणून ओळखले जाई.

एवढी जुनी सदरे अजून कशी टिकली?

‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ची कल्पना रॉय प्लॉम्ली यांची. पहिला कार्यक्रम २९ जानेवारी १९४२ रोजी, ऐन युद्धात झाला. साचा आजही तोच आहे. तुम्ही निर्जन बेटावर अडकलात तर सोबत कोणत्या आठ तबकड्या न्याल? शिवाय एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. बायबल आणि शेक्सपिअरची नाटके आधीच बेटावर ठेवलेली असतात. गाण्यांच्या निमित्ताने माणूस आईवडील, गरिबी, पहिले प्रेम, अपयश यांविषयी बोलू लागतो. थेट विचारले तर जी उत्तरे मिळाली नसती, ती मिळतात. मुलाखतीची ही युक्ती ऐंशीहून अधिक वर्षे जुनी झाली नाही, यातच तिचे यश आहे.

‘द आर्चर्स’चा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. युद्ध संपले तरी ब्रिटनमध्ये अन्नाचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होते. शेतीचे उत्पादन वाढवायचे तर नव्या पद्धती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायला हव्यात. कोरडी माहिती कोणी ऐकत नाही, म्हणून गॉडफ्रे बेझली यांनी ती एका शेतकरी कुटुंबाच्या गोष्टीत गुंफली. प्रायोगिक भाग १९५० मध्ये आणि देशभर प्रसारण १ जानेवारी १९५१ पासून. सल्ल्याचा भाग पुढे मागे पडला, गोष्ट मात्र चालू राहिली. आता वीस हजारांहून अधिक भाग झाले आहेत. बागकामाचा ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’ १९४७ चा. समुद्री हवामानाच्या अंदाजाने तर रेडिओवरची शंभर वर्षे पूर्ण केली आहेत. ब्रिटनभोवतीच्या ३१ सागरी क्षेत्रांची नावे ठरावीक क्रमाने आणि संथ लयीत वाचली जातात. ज्यांनी कधी बोट पाहिली नाही, असे लोकही ती ऐकतात.

मराठी वाचकांना हे अपरिचित वाटू नये. आकाशवाणी मुंबईवरील ‘प्रपंच’मधले टेकाडे भावोजी एका पिढीला नात्यातले वाटत होते. रोज थोडे थोडे ऐकलेले आवाज घरातले होतात. रेडिओवरच्या बोलण्याची ताकद असते ती हीच.

याचा खर्च कोण करते?

पेच सुरू होतो तो येथे. बीबीसीच्या देशांतर्गत सेवांचा मुख्य आधार म्हणजे टीव्ही परवाना शुल्क. एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४.५० पौंड, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये इतके झाले. कोणत्याही वाहिनीचे थेट प्रसारण पाहणाऱ्या किंवा बीबीसीचे ‘आयप्लेअर’ वापरणाऱ्या घराला ते भरावे लागते. २०२४-२५ मध्ये यातून सुमारे ३.८ अब्ज पौंड जमा झाले.

पण रेडिओ ऐकण्यासाठी परवाना लागत नाही. १९२२ मध्ये परवाना सुरू झाला तो रेडिओसाठीच, १० शिलिंगांचा. रेडिओचा स्वतंत्र परवाना १९७१ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून टीव्ही पाहणाऱ्यांच्या पैशांतून रेडिओ चालतो. ज्याच्या घरी टीव्ही नाही, तो आयुष्यभर रेडिओ ४ फुकट ऐकू शकतो आणि त्यात काहीही बेकायदा नाही.

टीव्ही हेच घरातले मुख्य साधन होते, तोवर ही व्यवस्था बिनबोभाट चालली. आता तरुण कुटुंबे नेटफ्लिक्स आणि यूट्यूबवर समाधानी आहेत. थेट प्रसारण पाहत नसल्यास परवाना लागत नाही, म्हणून ते तो घेत नाहीत. प्रत्येक रद्द झालेल्या परवान्याबरोबर रेडिओचाही वाटा घटतो. वास्तविक त्या घरातील कोणी रेडिओ ऐकणे सोडलेले नसते. त्यात २०२२ पासून दोन वर्षे शुल्क १५९ पौंडांवर गोठवले गेले. महागाई वाढत असताना उत्पन्न जागच्या जागी राहिले, म्हणजे प्रत्यक्षात कमी झाले.

राजसनद संपते म्हणजे काय होते?

राजसनद ही बीबीसीची घटनाच. संस्था कशासाठी आहे, तिचा कारभार कोण पाहणार, तिचे स्वातंत्र्य कसे राखले जाणार हे त्यात लिहिलेले असते. सध्याची सनद २०१७ पासून लागू आहे. ती संपण्याआधी नवी करावी लागते. सनद राजाच्या नावाने निघत असली, तरी प्रत्यक्ष निर्णय सरकारचा असतो. पैशांची व्यवस्थाही सरकारच ठरवते.

डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने यासाठी चर्चापत्र प्रसिद्ध करून लोकांची मते मागवली. परवाना शुल्क सुधारून चालू ठेवणे, काही प्रमाणात जाहिराती घेणे, काही कार्यक्रमांसाठी वर्गणी आकारणे असे पर्याय त्यात चर्चेला आहेत. सर्वसाधारण करांतून बीबीसीला पैसा देण्यास संस्कृतीमंत्री लिसा नँडी यांनी अनुकूलता दाखवलेली नाही. सरकारी तिजोरीतून थेट पैसा आला की संपादकीय स्वातंत्र्यावर दडपण येते, असा त्यावरील प्रमुख आक्षेप असतो.

वेळही बीबीसीसाठी कठीण आहे. ‘पॅनोरामा’ या टीव्ही कार्यक्रमात अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाचे तुकडे ज्या पद्धतीने जोडले गेले, त्यावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह असताना अर्थव्यवहाराची बोलणी करावी लागत आहेत.

जाहिराती किंवा वर्गणीतून रेडिओ का चालू शकत नाही?

आधी वर्गणी. टीव्हीचे चित्र कुलूपबंद करता येते. पैसे भरले नाहीत तर पडदा काळा. रेडिओचे तसे नाही. एफएमच्या लहरी ज्याच्याकडे संच आहे त्या प्रत्येकाकडे पोहोचतात. स्वयंपाकघरातल्या वीस वर्षांपूर्वीच्या संचाला किंवा मोटारीतल्या रेडिओला पासवर्ड घालता येत नाही. वर्गणी घ्यायची तर केवळ इंटरनेटवरून ऐकवावे लागेल. म्हणजे एफएम बंद करावे लागेल. त्याचा पहिला फटका बसेल तो वृद्ध, दृष्टिहीन आणि एकटे राहणाऱ्या श्रोत्यांना. रेडिओ ज्यांची सोबत आहे, नेमके तेच बाहेर पडतील.

आता जाहिराती. त्या रेडिओवर सहज वाजवता येतात. पण बोलण्याचा रेडिओ गाण्यांच्या रेडिओपेक्षा कितीतरी महाग असतो. तासभर गाणी लावायला एक निवेदक पुरतो. तासभराच्या नाटकाला लेखक, नट, दिग्दर्शक, ध्वनिसंयोजक आणि कित्येक दिवसांचे काम लागते. ब्रिटनमध्ये खासगी बोलके रेडिओ आहेत. एलबीसी १९७३ पासून आहे, टाइम्स रेडिओ २०२० मध्ये आला. त्यांचा भर बातम्या, मुलाखती आणि श्रोत्यांच्या फोनवर असतो. तो चांगलाही असतो. पण रोजची मालिका, नाटक, कविता, बागकाम आणि प्रार्थना यांची एकत्र मोट बाजारातल्या कोणत्याही केंद्राने बांधलेली नाही. कारण त्यातून नफा होत नाही. शिवाय बीबीसीने जाहिराती घ्यायला सुरुवात केली, तर खासगी केंद्रांचे उत्पन्न पळेल. त्यामुळे त्यांचाही विरोध आहे.

मग टीकाकारांचे म्हणणे काय?

टीका निराधार नाही. रेडिओ ४ चा सरासरी श्रोता पन्नाशी ओलांडलेला आहे. केंद्राचा सूर शिकलेल्या, सुखवस्तू मध्यमवर्गाचा आहे. ज्यांच्या आवडीनिवडींना येथे जागा नाही, त्यांनी यासाठी का पैसे भरायचे, हा प्रश्न रास्त आहे. परवाना शुल्क श्रीमंतांना आणि गरिबांना सारखेच आहे. ते चुकवणे हा फौजदारी गुन्हा असून एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा होणाऱ्यांत बहुसंख्य महिला असतात, कारण तपासनीस येतो तेव्हा त्याच घरी सापडण्याची शक्यता अधिक. गरीब घरातल्या बाईच्या दंडावर सुखवस्तू माणसाची रविवारची नाटके चालतात, अशी बोचरी मांडणी टीकाकार करतात. समर्थकांनाही तिचे सोपे उत्तर देता आलेले नाही.

दुसरा मुद्दा पॉडकास्टचा. बागकाम आवडणाऱ्याला बागकामाचे, इतिहास आवडणाऱ्याला इतिहासाचे शेकडो पॉडकास्ट फुकट मिळतात. मग सगळ्यांसाठी एकच वेळापत्रक कशाला?

पॉडकास्टने जे दिले नाही, ते रविवार काय देतो?

फरक आहे तो निवडीचा. पॉडकास्ट आपण शोधतो. जे आवडते ते आधीच ठाऊक असते आणि यंत्र त्याच चवीचे आणखी पुढे वाढत राहते. वेळापत्रकावरचा रेडिओ न मागितलेले समोर ठेवतो. बातम्यांसाठी रेडिओ लावलेला माणूस भाजी चिरता चिरता एखाद्या मच्छीमार बंदराची गोष्ट ऐकतो. आर्चर्ससाठी थांबलेली आजी त्याआधीची कविता ऐकते. धर्माशी देणेघेणे नसलेला श्रोता धर्मसंस्थेतील एखाद्या घोटाळ्याची बातमी तपशिलाने ऐकतो. यातले काहीही त्याने स्वतः शोधले नसते.

दुसरे म्हणजे हे सगळे लाखो लोक एकाच वेळी ऐकतात. सोमवारी कामावर बोलायला विषय मिळतो. वेगवेगळ्या मतांच्या माणसांना एकच माहिती मिळालेली असते, भांडायचे असले तरी ते त्याच माहितीवरून. समाजमाध्यमांच्या काळात ही गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे. म्हणूनच प्रश्न एखादी जुनी मालिका वाचवण्याचा नाही. ज्या गोष्टीसाठी कोणी स्वतंत्रपणे पैसे देणार नाही, पण जी नसेल तर सगळ्यांचेच नुकसान होईल, तिचा खर्च समाजाने कसा वाटून घ्यायचा, हा तो प्रश्न आहे. रस्त्यावरचे दिवे कोणी वर्गणी काढून लावत नाही.

इतर देशांनी काय केले?

जर्मनीने २०१३ पासून उपकरणाचा विचार सोडून प्रत्येक घरावर शुल्क लावले. टीव्ही असो वा नसो, महिन्याला १८.३६ युरो. त्यामुळे रेडिओ आणि टीव्ही यांच्यातील वर उल्लेखलेला तिढा तेथे उरत नाही. फिनलंडने त्याच वर्षी उत्पन्नानुसार बदलणारा प्रसारण कर आणला. गरिबांवर भार पडत नाही, हा त्याचा फायदा. फ्रान्सने २०२२ मध्ये परवाना शुल्क रद्द करून मूल्यवर्धित कराच्या उत्पन्नातून सार्वजनिक प्रसारणाला वाटा दिला.

अमेरिकेचा अनुभव ताजा आणि इशारा देणारा आहे. तेथील काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. काही दिवसांतच, हा निधी स्थानिक केंद्रांना वाटणाऱ्या महामंडळाने काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रे देणग्यांवर तग धरू शकतात. ग्रामीण भागातील छोट्या केंद्रांपुढे मात्र अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. पैशांची दोरी सत्ताधाऱ्यांच्या हाती असली, की ती एका मतदानात कापली जाऊ शकते.

भारताशी या प्रश्नाचा संबंध काय?

संबंध जुना आहे. बीबीसी महामंडळ झाली त्याच १९२७ मध्ये, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. तीही परवाना शुल्कावरच विसंबून होती. ब्रिटनमध्ये तोवर परवानाधारकांची संख्या वीस लाखांवर गेली होती, येथे ती काही हजारांतच अडकली. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारच्या हाती गेले. १९३५ मध्ये बीबीसीचे लायोनेल फिल्डन भारतात आले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पु. ल. देशपांडे बीबीसीत प्रशिक्षणासाठी गेले. ‘अपूर्वाई’ हे त्या मुक्कामाचे फळ.

श्रोत्यांच्या परवान्याची पद्धत भारतात १९८० च्या दशकात संपली. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. त्याने आकाशवाणीला कागदोपत्री स्वायत्तता दिली. पैसा मात्र मुख्यतः केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा धोरणात नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी वाजवता येतात, एवढेच. दर तासाला दहा मिनिटे स्वतंत्र बातम्यांची परवानगी द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने सप्टेंबर २०२३ मध्ये केली होती. बातम्याच नाहीत म्हटल्यावर खासगी केंद्रे गाणी आणि गप्पांपलीकडे जात नाहीत. मराठीत विचारांचा, नाटकांचा, शेतीचा बोलका रेडिओ आजही मुख्यतः आकाशवाणीवरच ऐकायला मिळतो. भारतात रविवारच्या रेडिओचा विषय निघाला की आठवते ती महिन्यातील शेवटच्या रविवारी सकाळी अकराला होणारी पंतप्रधानांची ‘मन की बात’. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले होते. त्या मालमत्तेवर किती प्रकारचे आवाज ऐकू येतात, हा प्रश्न लंडनइतकाच मुंबई आणि नागपूरसाठीही खरा आहे.

आता पुढे काय?

नव्या सनदेचा मसुदा आणि पैशांचा तोडगा २०२७ संपण्याआधी ठरवावा लागेल. परवाना शुल्क सुधारून ठेवले, तर रेडिओला तूर्त अभय मिळेल. वर्गणीकडे कल झुकला, तर टीव्हीच्या लोकप्रिय मालिका पैसे आणतील आणि रेडिओ हा खर्चाच्या वहीतील एक जड आकडा ठरेल. कपात एका झटक्यात होत नाही. आधी नाटके कमी होतात, मग पुनःप्रसारणे वाढतात आणि एक दिवस वेळापत्रकात फक्त बातम्या व गप्पा उरतात. रेडिओ ४ च्या लाँग वेव्हवरील स्वतंत्र कार्यक्रम २०२४ मध्ये असेच फारसा गाजावाजा न होता थांबले. म्हणून सनदेत रेडिओसाठी वेगळी तरतूद होते का, हे पाहणे महत्त्वाचे ठरेल.

ज्यांना हा रविवार स्वतः ऐकून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी : ‘बीबीसी साउंड्स’ हे ॲप जुलै २०२५ पासून ब्रिटनबाहेर बंद झाले असले, तरी रेडिओ ४ बीबीसीच्या संकेतस्थळावरून भारतातही थेट ऐकता येते. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. जेवण आटोपून फोन बाजूला ठेवावा आणि पुढे काय लागणार हे न पाहता तासभर ऐकावे. ब्रिटनमध्ये वाद कशावरून पेटला आहे, ते त्या तासाभरात लक्षात येईल.